मी मोजलेलं मैदान

मित्रांनो, मी नकाशे मोजायची एक जुनी, तीन कडांची पट्टी आहे. माझी एक कड घासली आहे, आकडे मात्र अजून स्वच्छ दिसतात. त्या आकड्यांचा मला पूर्वी फार अभिमान होता.

पद्माकर लोंढे यांनी विद्यार्थी असताना मला नागपुरात विकत घेतलं. पुढे ते इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या एका कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, बांधकामांचे नकाशे तपासणारे प्लॅनिंग ऑफिसर झाले आणि मीही त्यांच्याबरोबर इथे आले. वाढीव खोल्या, गॅरेज, दुकानं, काय काय मोजलं मी! त्यांच्या मापात चूक नसते, असं सगळे म्हणत. कौतुक त्यांचं व्हायचं, ताठ मी व्हायचे.

मग एकशे चाळीस घरांच्या वसाहतीचा नकाशा आला. अख्खी वसाहत एकत्र आखली, की इथल्या नियमानुसार घरं नेहमीपेक्षा जवळजवळ बांधता येत. त्या बदल्यात मुलांना खेळायला सपाट मैदान मात्र द्यावंच लागे. आम्ही मोजलं, तर मैदान कमी भरलं. पद्माकररावांनी मला नकाशावर पुन्हा ठेवलं. या वेळी त्यांनी शेजारच्या, पावसाचं पाणी साठवायच्या तळ्याचा उतारही मैदानात धरला. आकडा बरोबर बसला.

शेजारच्या टेबलावरची वैभवी बघत होती. ती इथेच जन्मलेली.

"काका, हा जागा तर पॉन्डचा आहे ना? इथे मुलं कसे खेळणार?"

"अगं, शुक्रवारी मंजुरीसाठी कमिटी आहे. सहा महिने रखडलंय हे, सगळे माझ्या मागे लागलेत. आकडा बसतोय ना? मग झालं."

वैभवी आपल्या कामाकडे वळली. मला तर तोंडच नाही. पण खोटं कशाला सांगू? आकडा भरला तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

मंजुरी मिळाली, घरं उभी राहिली. तळ्याभोवती कुंपण आलं आणि मुलं रस्त्यावर खेळू लागली. दोन वर्षांनी, रिव्हर्स घेणाऱ्या एका व्हॅनखाली सात वर्षांच्या तनिषाचा पाय सापडला.

तिची आई रश्मी ऑफिसात आली. ती ओरडली नाही.

"नकाशात मैदान आहे," ती म्हणाली. "कुठे आहे ते मला दाखवाल का?"

पद्माकररावांनी नकाशा पसरला, माझ्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

"नाही हो ताई. मैदान नाहीच तिथे. ते मी कागदावर पुरं केलं."

काही महिन्यांनी त्या वसाहतीच्या बिल्डरचाच, शेजारच्या जागेवर आणखी साठ घरांसाठी अर्ज आला. पद्माकरराव कमिटीसमोर उभे राहिले. "माझा मागचा अहवाल चुकीचा होता, आणि ते मला तेव्हाच ठाऊक होतं," ते म्हणाले. चौकशी झाली, त्यांची नोकरी गेली. नव्या घरांना मंजुरी मिळाली ती एका अटीवर: आधी दोन्ही वसाहतींसाठी सपाट मैदान, मगच पहिली वीट.

ते मैदान आता झालं आहे. तनिषाही तिथे जाते, वैभवी सांगत होती. पळते, पण डावा पाय जरा ओढत.

हल्ली मोजणी संगणकावर होते. पद्माकरराव गेल्यापासून मी वैभवीच्या खणात पडून असते आणि तो उतार मला आठवत राहतो.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी घरं आखेल, कुणी ती मंजूर करेल. आकडा बसला म्हणून थांबू नका. पायात बूट घाला आणि त्या जागेवर जाऊन उभे राहा. मी तिथे कधी गेलेच नव्हते.