दुसऱ्या प्रश्नापाशी अडलेल्या बायका

ओट्यावरची ताटली घसरून ठण्णकन वाजली आणि दुपारचं निजलेलं घर दचकलं. प्राची मात्र उठली नाही. सुचितानं देवाला हात जोडून लॅपटॉप पुढ्यात ओढला. लेक झोपली की तिचं ऑफिस उघडे.

भाजी पिकवणाऱ्या बायकांनी टाइप न करता फोनशी नुसतं बोलून माल नोंदवावा, ही सोय तिच्याच डोक्यातून निघालेली. पण सोनाळ्यातल्या ज्या बायकांना ॲप वापरून पाहायला दिलं, त्या सगळ्या दुसऱ्या प्रश्नापाशी गप्प होत. पुण्याहून अनुपमाचा, तिच्या साहेबीणबाईंचा, निरोप आला होता : 'बायकांना बोलायचंच नसावं. संध्याकाळी ही सोय काढून टाकू.'

सोनाळ्याच्या बायकांना बोलायचं नाही? सुचिताला आधी हसू आलं, मग संध्याकाळची मुदत आठवली. तिनं सासूबाईंपुढे फोन धरला.

"आत्याबाई, माझ्यासमोर वापरा बरं."

"गाव सांगा," फोन म्हणाला.

"सोनाळा!" मंजुळाबाईंनी वावरातून हाक मारावी तसं ठोकून दिलं.

"शेतमालकाचं नाव सांगा."

मंजुळाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या.

"आवाज आला नाही. पुन्हा सांगा."

"अहो, बोला ना!"

"बाप्पा! नवऱ्याचं नाव असं उघडंबोडकं घेऊ का व? तू माह्या गजेंद्रले, तुह्या नवऱ्याले, खुशाल नावानं हाका मारतं, तुले काय समजन!"

"घे व एकडाव," ओसरीवरून सासरे म्हणाले. "सुनेचं काम अडून राह्यलं."

मंजुळाबाई लाजल्या, खाकरल्या. "मेथीच्या वाफ्याले पाणी देते दांडानं, शालिग्रामरावांचं नाव घेते आनंदानं!"

"नाव फार लांब आहे. थोडक्यात सांगा."

"थोडक्यात? नवरा हाय माहा, मिस कॉल नाही!"

हसता हसताच सुचितानं प्रश्न बदलला : 'गावात तुम्हाला काय म्हणून ओळखतात?' नवं ॲप शेजारच्या वच्छलाबाईंना पाठवलं. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून खणखणीत उत्तर आलं, "सहदेवची माय!" पाठोपाठ वांगी, टमाटे, मिरच्या, सगळा मळाच. आणखी चार घरांतून तसंच झालं, तेव्हा अनुपमानं कळवलं, 'राहू दे ही सोय.'

सुचितानं सुस्कारा सोडला. डोळे चोळत आलेली प्राची केव्हाची मांडीत बसून ऐकत होती.

"आई, वावरात तर आजीच राबते. मंग फोन आजीचं नाव काऊन नाही इचारत?"

सुचितानं दुसरा प्रश्न पुन्हा उघडला.