कॅप्टनच्या गाडीला ब्रॅकेट

“रूफस, जूनच्या उन्हात कुणी गॅरेजचं दार पाडून बसतं का? भाजून निघशील आत!” त्याची बायको अर्लीन स्वयंपाकघरातून ओरडली.

“धूळ येते,” रूफस टॉलिव्हर म्हणाला.

“कसली धूळ? सकाळीच अंगणात पाणी मारलंय मी.”

रूफस पुन्हा कामाकडे वळला. समोर उलट्या टाकलेल्या खोक्यावर जुनं फडकं अंथरून त्याने सगळं मांडलं होतं. काळा लोखंडी ब्रॅकेट, हँडलला बसणाऱ्या क्लॅम्पचे दोन अर्धगोल, चार बोल्ट, एक जाड आणि एक पातळ अशा दोन रबरी पट्ट्या, उरलेल्या वायरचं वेटोळं आणि फडक्याच्या घडीखाली झाकलेलं ते रस्ता दाखवणारं यंत्र. बत्तीस वर्षं त्याने या तालुक्यात टपाल वाटलं. लोकांची पार्सलं दारात नेऊन हातात दिली. हे पार्सल मात्र घरासमोरच्या टपालपेटीतून काढून त्याने शर्टाखाली घातलं आणि शेजारच्या बाईला नुसता हात हलवून घरात आला. आपल्याच पैशाने घेतलेली वस्तू चोरासारखी आणायची वेळ आली, याचं त्याचं त्यालाच हसू आलं होतं. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

रूफस एकोणसत्तर वर्षांचा. पिसगा बाप्टिस्ट चर्चमध्ये डीकन, म्हणजे सेवेकरी. आणि चर्चच्याच मोटारसायकलवाल्यांच्या मंडळात, पिसगा रायडर्समध्ये, बावीस वर्षं कॅप्टन. कॅप्टन म्हणजे सगळ्यात पुढे चालणारा. तो वळला की सगळे वळणार, तो थांबला की सगळे थांबणार. चालत्या रांगेत कॅप्टनला ओलांडायचं नाही आणि वाटेत त्याला प्रश्न विचारायचा नाही, हा मंडळाचा नियम. तो केला होता होसिया प्रिंगलने, ज्याने मंडळ काढलं त्याने. आणि रूफसला पुढे उभं केलं तेही त्यानेच. “याच्या डोक्यात जॉर्जियातला प्रत्येक रस्ता आहे,” होसिया म्हणायचा, “आणि त्या रस्त्यावर कुणाचा कुत्रा चावतो तेही.”

मंडळातल्या कुणी गाडीवर असलं यंत्र बसवलं, की रूफस त्या गाडीभोवती सावकाश एक फेरी मारायचा. मग मान हलवून विचारायचा, “काय ब्रदर, गाडीला चष्मा लागला?” सगळे हसायचे. पुढच्या आठवड्याला यंत्र निघालेलं असायचं.

तीन आठवड्यांपूर्वी होसिया गेला.

शवपेटीची गाडी टेकडीवरच्या नव्या दफनभूमीकडे परस्पर निघणार आणि मंडळाने आधी पोचून फाटकाच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं, असं ठरलं होतं. पेटी आत जाईपर्यंत इंजिनं बंद. पेटी खाली उतरली की सगळ्यांनी एकदम सुरू करायची. आपल्या माणसाला शेवटचा निरोप ते असाच देतात. रूफस बावीस गाड्या घेऊन निघाला आणि पोचला तो नदीकाठच्या जुन्या दफनभूमीत. तिथून उलट फिरून टेकडीवर जाईपर्यंत चाळीस मिनिटं उशीर झाला होता. फावडी चालली होती. होसियाच्या बायकोने, जिला सगळं चर्च मदर प्रिंगल म्हणतं तिने, माणसांना पंधरा मिनिटं थोपवून धरलं होतं, उन्हात, उभ्याने. त्याहून जास्त थांबायला त्या माणसांना सवड नव्हती.

“असं कसं झालं, कॅप्टन?” कुणीतरी विचारलं.

“मला जुन्या जागेचं नाव सांगितलं होतं,” रूफस म्हणाला.

नाव सांगणारी डेनिटा होती. मंडळाचे पत्ते, वेळा, सगळं तिच्याकडे. तिनेच आदल्या दिवशी फोन करून त्याला सांगितलं होतं. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, “मी... नवी म्हटलं होतं ना?” तिचा तो “ना” रूफसच्या कानातून तीन आठवडे निघत नव्हता.

त्याने जाड पट्टी हँडलला गुंडाळली, क्लॅम्पचे अर्धगोल दोन बाजूंनी लावले आणि बोल्ट फिरवला. दोन आटे गेले नाहीत तोच बोल्ट अडला. पुन्हा काढला, पुन्हा घातला. हातातल्या घामाने पाना सटकला आणि टाकीवर टणकन आपटला. उठलेला ओरखडा त्याने अंगठ्याने पुसून पाहिला.

दारावर थाप पडली.

“डीकन? मी आहे, डेनिटा. मिस अर्लीन म्हणाल्या तुम्ही इथे आहात.”

फडकं ओढून घ्यायला वेळ मिळालाच नाही. दार अर्ध्यावर उचलून ती वाकून आत आलीसुद्धा. पस्तिशीची बाई, शाळेच्या बस दुरुस्त करणारी, शनिवार असूनही नखात ग्रीस. काखेत चामड्याचं जाकीट, नाव आत जाईल अशी घडी घातलेलं. मंडळ सोडणारा आपलं जाकीट असंच आणून कॅप्टनच्या हातात देतो.

ते तिने सीटवर ठेवलं. मग तिची नजर हँडलवर गेली.

“अरे वा! गाडीला चष्मा लागला वाटतं?”

“अर्लीनच्या हट्टापायी,” रूफस म्हणाला. हेही खोटंच.

“आणि उलटी पट्टी कशाला लावलीत? जाड पट्टी बारीक हँडलसाठी असते. तुमचं हँडल केवढं, बघा. ही पातळ लावा.” तिने विचारलंही नाही, सरळ गुडघ्यावर बसली. “सरका. बोल्ट सगळे आधी हाताने बसवायचे. मग थोडा इकडचा, थोडा तिकडचा. एकच आवळत गेलं की क्लॅम्प तिरका बसतो. मला कुणी शिकवलं हे?”

“मी.”

“तुम्हीच.” ती हसली. तीन आठवड्यांत ती त्याच्यासमोर पहिल्यांदा हसली होती, आणि ते त्याला बघवेना.

क्लॅम्प बसला. त्याने वायर आधीच बॅटरीपर्यंत नेऊन टाकीखाली प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळली होती. तिने हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं. वायर तारेसारखी ताणली गेली.

“बघा. रस्त्यात वळलात की तुटली असती. हँडल दोन्ही टोकांना फिरवून बघितल्याशिवाय पट्टी आवळायची नाही, हेही तुमचंच. काय डीकन, म्हातारे झालात की काय?” तिने पट्टी कापली. “फ्यूज तरी लावलाय ना?”

“लावलाय.”

“देव पावला.”

ती वायर नव्याने टाकीखालून घेऊ लागली. मग मान वर न करता म्हणाली, “गुरुवारी मी मदर प्रिंगलकडे गेले होते. केक घेऊन.”

रूफस पाना पुसत होता. तो थांबला.

“म्हटलं, मदर, चूक माझी. माझ्यामुळे तुम्हाला उन्हात उभं राहावं लागलं, माझ्यामुळे ब्रदर होसियाला त्याच्या माणसांचा निरोप मिळाला नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला. पण बोलल्या काहीच नाहीत. ओरडल्या असत्या तरी चाललं असतं.” तिने वायर सैल सोडून पुन्हा मापून घेतली. “मला शपथेवर आठवतं, मी नवी म्हटलं होतं. पण तुम्ही म्हणता जुनी. आणि रस्त्याच्या बाबतीत तुमचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. मग चुकली ती मीच. आता बसखाली शिरले की प्रत्येक नट दोनदा बघते. घरी गेले की वाटतं, बघितला का? परत जाते. साठ पोरं बसतात त्या गाडीत. माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय, डीकन. म्हणून हे जाकीट.”

गॅरेजात पंखा नव्हता. रूफसच्या हनुवटीवरून घाम टपकत होता आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. देवासमोर त्याने तीन आठवड्यांत किती वेळा गुडघे टेकले होते! प्रत्येक वेळी क्षमा मागितली होती, आणि प्रत्येक वेळी उठताना मन थोडंसुद्धा हलकं झालं नव्हतं. का झालं नव्हतं, ते त्याला आता समोर दिसत होतं. ज्याचं देणं त्यालाच द्यावं लागतं, त्यात देव मध्यस्थी करत नाही. आपल्याच डोक्यातलं भय त्याने उचलून या पोरीच्या डोक्यात घातलं होतं, आणि ती ते ओझं घेऊन केक वाटत फिरत होती.

“तू नवी म्हटलं होतंस,” तो म्हणाला.

तिचे हात थांबले.

“तू बरोबर सांगितलंस. मी बरोबर ऐकलं. कागदावर लिहूनही घेतलं. वाटेत मी हरवलो, डेनिटा. नदीवर कसा पोचलो ते मलाच माहीत नाही. तिथलं फाटक दिसलं आणि वाटलं, चला, सांगायला काहीतरी मिळालं.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्या यंत्राकडे.

“पक्कड द्या,” ती म्हणाली.

त्याने दिली. तिने वायरची पट्टी ओढून जास्तीचं टोक कापलं. हँडल डावीकडे टोकापर्यंत फिरवलं, उजवीकडे टोकापर्यंत फिरवलं. सगळं सुटसुटीत होतं. यंत्र खाचेत सरकवलं, ते टक करून बसलं. काम अर्धं सोडणाऱ्यांतली ती नव्हती.

“मिस अर्लीनना माहीत आहे?”

“नाही.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“नाही.”

“मग मला तरी कशाला सांगितलंत?”

“तू केक घेऊन गेलीस म्हणून.”

ती उठली आणि गुडघे झटकले. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. “विसरलात त्याचा मला राग नाही. माझी आजी मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायची, मी ओ द्यायचे. पण मी वेडी होत चाललेय असं तुम्ही मला तीन आठवडे वाटू दिलंत. समोर बसून माझ्या हातचा चहा प्यायलात.”

“जाकीट घेऊन जा, पोरी.”

“ते इथे ठरायचं नाही. माझं नाव ज्यांच्यासमोर घेतलंत, त्यांना आधी सांगा.” ती वाकून दाराखालून बाहेर गेली. दार तिने पाडलं नाही. ऊन गाडीच्या पुढच्या चाकापर्यंत आत आलं.

रविवारी सकाळी अर्लीनने त्याच्या शर्टाला इस्त्री करून दिली. आदल्या संध्याकाळी वाटाण्याची डाळ आणि मक्याची पोळी पुढ्यात ठेवून त्याने तिला सगळं सांगितलं होतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली होती, “इस्टरला बहिणीकडून येताना तू एकाच पंपावरून दोनदा गेलास. मी म्हटलं, गप्पांच्या नादात असेल.” आता बटणं लावताना तिने विचारलं, “मी शेजारी बसू, की नेहमीच्या जागी?”

“शेजारी.”

पास्टर गेन्सच्या त्या दिवशीच्या प्रवचनाला शेवटी सूर लागला. शब्दांचं गाणं कधी झालं ते कळलंच नाही. एक ओळ ते गात होते, एक ओळ ऑर्गन गात होता, आणि मधल्या जागा लोक भरत होते. एरवी अशा वेळी रूफस सगळ्यांत आधी उभा राहून टाळ्या वाजवायचा. आज त्याने बाक घट्ट धरून ठेवला होता. सूर ओसरला, लोकांनी घाम पुसला, पास्टर म्हणाले, “कुणाला साक्ष द्यायची आहे का?”

रूफस उठला.

“मला बोलायचंय.”

“बोला, डीकन!” तीन बाजूंनी आवाज आला. या चर्चमध्ये बोलणाऱ्याचा शब्द कुणी खाली पडू देत नाही.

“ब्रदर होसियाच्या मातीच्या दिवसाबद्दल.”

“होय, देवा!”

“सिस्टर डेनिटाने मला पत्ता बरोबर सांगितला होता.” त्याने श्वास घेतला. “मी खोटं बोललो. तिचं नाव घेऊन खोटं बोललो.”

कुणी ओ दिली नाही. हातपंखे थांबले. ऑर्गनवाल्याने बोटं पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवली. रायडर्सच्या बाकावरच्या पाठी ताठ झाल्या. त्याच रांगेच्या टोकाला डेनिटा बसली होती, समोर बघत. रूफसला पुढचं बोलायचं होतं; रात्रभर घोकून ठेवलं होतं. पण एवढ्या माणसांच्या गप्प बसण्यात ते सगळं कुठे गेलं कोण जाणे. त्याचे ओठ नुसते हलले. त्याने मागचा बाक चाचपला.

सगळ्यात पुढच्या बाकावर एक पांढरी टोपी होती. ती वळली नाही. तिच्याखालून बारीक, दमलेला आवाज आला.

“सावकाश, बाळा,” मदर प्रिंगल म्हणाल्या. “सावकाश.”

गाताना कुणाचा गळा दाटला, की इथे असंच म्हणतात. मागून एका पुरुषाचा आवाज आला, “सावकाश, ब्रदर.” मग आणखी एक. डेनिटाचा आवाज त्यात नव्हता. अर्लीनचा हात त्याच्या पाठीवर आला.

रूफसने डोळे पुसले नाहीत.

“पेट्रोल भरून आम्ही निघालो,” त्याने सुरुवात केली, “आणि क्रेन मिलच्या चौकात मी थांबलो. तिथल्या चारही घरांतली माणसं मी नावाने सांगेन. पण चारांतला एकही रस्ता मला ओळखीचा वाटेना.”

“होय,” मदर प्रिंगल म्हणाल्या.

“मी मागे वळून पाहिलं. बावीस जणं. कुणी हॉर्न वाजवला नाही. पाय जमिनीला टेकून सगळे उभे होते. मी निघायची वाट बघत.”