सगळे सुखरूप

आमच्या संपादकांना ऑफिसात सगळे ‘ताजे’ म्हणतात. बातमी शिळी होण्याची त्यांना एवढी धास्ती की भाजीवालीनेही लाजावं. कायद्याच्या बाबतीत मात्र भरवसा माझ्यावर, कारण मी काटेकोर.

त्या दुपारी लाँड्रीमागच्या गल्लीत गॅसची पाइपलाइन फुटली आणि बातमी माझ्याकडे आली. त्या गल्लीत पाटी नसलेलं एक घर होतं. नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बायकांना एक संस्था तिथे लपवून ठेवायची. माझी धाकटी बहीण तिथे होती. ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गल्लीचं नाव देणं भागच होतं, नाहीतर लोक गाड्या घेऊन थेट गॅसमध्ये शिरले असते. मी नाव दिलं, बंद रस्ते दिले, त्या घराबद्दल अवाक्षर काढलं नाही. आमच्या वकिलांनी फोनवर बातमी ऐकली. म्हणाले, “चोख आहे.” मलाही तसंच वाटलं.

पण आमच्याकडे एक रीत आहे. मेलेल्यांचे, जखमींचे चेहरे झाकायचे. वाचलेल्यांचे फोटो मात्र ‘सगळे सुखरूप’ म्हणून लगेच वेबसाइटवर. ते माझ्याकडे तपासायला येतच नाहीत, फोटोग्राफर परस्पर टाकतो. सुखरूप माणसाचं काय झाकायचं! मी पाहिलं तेव्हा, गल्लीतल्या लोकांना हलवलं होतं त्या शाळेच्या हॉलमध्ये, सतरंजीवर, कागदी कप धरून माझी बहीण बसली होती. खाली शाळेचं नावही होतं.

मी ताज्यांच्या केबिनमध्ये धावले. “सर, हा फोटो काढा. आत्ताच्या आत्ता.”

“का बरं? रक्त नाही, काही नाही. उलट हे वाच, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कुणीतरी कॉमेंट लिहिली होती : ‘किती महिने शोधतोय हिला. सुखरूप पाहून जिवात जीव आला. हॉलवर निघालोय. तुमचे उपकार विसरणार नाही.’ खाली लोकांनी आशीर्वादांचा पाऊस पाडला होता. वर नाव माझ्या मेहुण्याचं होतं. कोर्टाने त्याला तिच्या आसपास फिरकायलाही मनाई केली होती.

मी सगळं सांगून टाकलं. ताज्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वकिलांना न विचारताच त्यांनी फोटो काढला. माणूस वाईट नाही, याचाच मला जास्त संताप येतो. वाईट असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

बहिणीचा फोन बंद होता. मी हॉलवर लावला. तिथल्या अधिकाऱ्यांनी उचलला. मी ऑफिसचं आणि बहिणीचं नाव सांगितलं.

“संस्थेच्या बाईंना भोवळ आली, त्यांना दवाखान्यात नेलंय. तुमची बहीण ना? काळजी करू नका ताई, त्यांना घरी पाठवलं.”

“कुणाबरोबर?”

“मिस्टर आले होते. आम्ही असंच नाही हो सोडत कुणाला. ओळखपत्र बघितलं, लग्नाचा फोटो बघितला, तुमच्या वेबसाइटवरची बातमीही दाखवली त्यांनी. पूर्ण खात्री केली.”

“ती काही बोलली नाही?”

“नाही हो. नुसत्या रडत होत्या. एवढ्या दिवसांनी भेट, आनंद होणारच ना.”