सातचा सुळका

“मनातलं लिहू नकोस, मालन. नाकातलं लिही. आणि वास नसला तरी ‘नाही’ म्हणून लिही. कोरं सोडायचं नाही.”

आमचे हे असं म्हणाले तेव्हा ऑक्सिजनची नळी त्यांच्या नाकाला लावलेली होती. मी म्हटलं, “नळी तुमच्या नाकात, आणि नाकाचे धडे मला?” त्यावर हसले. हसताना खोकल्याची उबळ आली, आणि पुढची पाच मिनिटं मी नुसती पाठ चोळत बसले.

पुढे एका दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतीवर आलेख उजळला तेव्हा तीच वही माझ्या मांडीवर होती. पहिली साठ-सत्तर पानं ह्यांच्या अक्षरात, पुढची माझ्या.

“हा आपला आलेख,” हेमांगी म्हणाली. “बाहेर कुणालाही दाखवायच्या आधी तुम्ही वाचायचा, असं आपलं ठरलंय. तर वाचा. मी गप्प बसते.”

हेमांगी मेडिकल कॉलेजातून येते. गेल्या चैत्रात पहिल्यांदा आली. आम्ही डोंबिवलीत कारखान्यांच्या अगदी पाठीला राहतो. पहाटे कधीकधी असा वास येतो की झोपलेलं माणूस उठून बसतं. तो वास आणि आमच्याकडचा दमा-खोकला यांचा काही संबंध आहे का, ते तिला शोधायचं होतं. “तुमच्यावर संशोधन नाही करायचंय काका, तुमच्याबरोबर करायचंय,” असं ती ह्यांना म्हणाली. काय विचारायचं, कधी लिहायचं, ते सगळं आम्हीच बसून ठरवलं. पहाटे पाच, दुपारी एक, संध्याकाळी सात. वास आहे की नाही, कसला, वारा कुठून, खोकला किती. आमच्या गॅलरीच्या ग्रिलला तिने डब्याएवढं पांढरं यंत्र बांधलं, हवेतली धूळ आणि धूर मोजणारं. आणि ह्यांच्या गळ्यात कार्ड घातलं : उत्तम घाडगे, सह-संशोधक.

रंगाच्या कंपनीत एकतीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. ते कार्ड त्यांनी देवघराच्या खिळ्याला अडकवलं. येईल त्याला सांगायचे, “संशोधक व्हायला आधी फुप्फुसं घालवावी लागतात. कोर्स जरा महाग आहे.”

भिंतीवरची रेघ एप्रिलपासून ऑगस्टअखेरपर्यंत जवळजवळ सपाट होती. मग सप्टेंबरात एकदम सुळका. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला, न चुकता, नोव्हेंबरपर्यंत.

“सापडला की नाही चोर!” आनंदभाऊ खुर्चीतून उठलेच. ते समोरच्या बिल्डिंगमधले, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. “सातला शिफ्ट बदलते. सप्टेंबरात कंपनीवाल्यांनी नवीन काहीतरी चालू केलंय. मी बोलत होतो, बोलत होतो की नाही?”

टाळ्या पडल्या. मागून पलीकडच्या बिल्डिंगमधली वैशाली म्हणाली, “काका, फोटो काढा, ग्रुपवर टाका लगेच.”

“ग्रुपवर नको,” हेमांगी घाईने म्हणाली. “आधी समजून घेऊ.”

“मॅडम, समजायचं काय त्यात? सोमवारी हे घेऊन प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात जायचं. इतकी वर्षं विचारतात, पुरावा काय? हा घ्या म्हणावं पुरावा.” आनंदभाऊंचा हात शेजारी बसलेल्या उर्वीच्या डोक्यावर होता. त्यांची नात, सहा वर्षांची. महिन्यातून दोनदा तरी तिला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागतं, तोंडाला वाफेचा मास्क लावून बसवतात. तिला तो मास्क हत्तीची सोंड वाटतो. आनंदभाऊंना काय वाटतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

“एक जुळत नाहीये,” हेमांगी म्हणाली. “यंत्र मालनकाकूंच्या गॅलरीत आहे. ते म्हणतं, सातला प्रचंड धूर. आणि काकूंच्या वहीत रोज सातला ‘नाही’.”

सगळे माझ्याकडे वळले.

“काय वहिनी,” आनंदभाऊ हसत म्हणाले, “नाक माहेरी ठेवून आलेलात काय?”

हॉल हसला. मीही हसले असेन.

“अहो, सवय होते नाकाला,” ते पुढे म्हणाले. “उत्तमरावांमागे ह्या एकट्या लिहितायत, तेच खूप आहे. वहिनी, सोमवारच्या आधी तेवढं संध्याकाळचं जुळवून घ्या ना. ‘नाही’चं ‘आहे’. काय फरक पडतोय?”

मी वही उघडली. उत्तर शोधायला नव्हे. सगळे बघत होते, म्हणून खाली बघायला काहीतरी हवं होतं. मग भिंतीवर बघितलं. पहिला सुळका, चार सप्टेंबर.

हे गेले बावीस ऑगस्टला. तीन सप्टेंबरला तेरावं झालं. चारला संध्याकाळी पाहुणे पांगले, आमची लेक संचिता माजिवड्याला तिच्या घरी गेली, आणि मी नऊ वर्षांनी माळ्यावरून धुपाटणं काढलं.

आमच्या घरात दिवेलागणीला गुग्गुळाचा धूप फिरवायचा, हा सासूबाईंचा नेम. जाताना त्यांनी तो माझ्या हातात दिला. पुढे ह्यांची छाती बिघडली, डॉक्टर म्हणाले, घरात धूर अजिबात नको. मी देवाकडे रजा मागितली आणि धुपाटणं माळ्यावर ठेवलं. नऊ वर्षं नुसतं तुपाचं निरांजन. चैत्रात हेमांगीने फॉर्म भरून घेतला तेव्हा ‘घरात धूर होतो का’ यापुढे ह्यांनी मोठ्या अक्षरात ‘नाही’ लिहिलं, आणि ते खरंच होतं. पुन्हा कुणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. देवापुढचा धूप हा कुणाला धूर वाटतो का?

चार सप्टेंबरला निखाऱ्यावर गुग्गुळ टाकला. दोन्ही खोल्यांतून फिरवला, गॅलरीत नेऊन तुळशीपाशी ठेवला. यंत्राच्या बरोबर खाली. आत आले तर धूर ह्यांच्या खुर्चीभोवती घुटमळत होता. मी उभी राहिले. खोकल्याची वाट बघत उभी राहिले. मग लक्षात आलं की आता घरात खोकणारं कुणी नाही, म्हणून तर धूप लावता आला. त्या दिवसापासून रोज लावला. सात कधी वाजतात याची दुपारपासून वाट बघायची. धूर खुर्चीपाशी थांबला की तेवढा वेळ घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

सगळे ज्याला कंपनीचा धूर म्हणत होते, ते माझ्या घरातलं रिकामपण होतं. रोजच्या रोज मोजलेलं, भिंतीवर एवढं मोठं करून दाखवलेलं.

एवढ्यावरही मी गप्प राहिले असते. खोटं कशाला सांगू? उर्वी पेंगुळली होती, तिच्या श्वासाची बारीक शिट्टी मला ऐकू येत होती. सोमवारी तो कागद घेऊन गेले असते, कुणीतरी चौकशीला आलं असतं, एखादी चिमणी बंद झाली असती. मनात आलं, देवा, हे पाप असेल तर माझ्या माथी लाव. मग वहीचं पान उलटलं गेलं. अकरा, बारा, तेरा ऑक्टोबर. माझंच अक्षर : ‘घरी नव्हते. संचिताकडे.’ कोरं सोडायचं नाही म्हणून लिहिलेलं. आणि भिंतीवर अकरा, बारा, तेरा ऑक्टोबरला सुळका नव्हता.

मी उठले. “हेमांगी, तो धूर माझा आहे.”

“म्हणजे काकू?”

“धूप लावते मी. सातला. चार सप्टेंबरपासून. तुळशीपाशी ठेवते, यंत्राखाली. ते तीन दिवस घरी नव्हते, बघ, तिथे काही नाही.”

हेमांगी भिंतीकडे गेली. तीन तारखांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “चूक आमची आहे काकू. फॉर्म एकदाच भरला. घरातलं बदलतं, हे आम्ही परत विचारायला हवं होतं.”

“म्हणजे तीन महिने आपण वहिनींची पूजा मोजत होतो?” आनंदभाऊ म्हणाले. कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसले नाहीत. “सोमवारी काय दाखवू मी? निरांजन?”

“भाऊ—”

“नाही, वहिनी, सांगा ना. बोलला नसतात तर कुणाला कळलं असतं?”

“वहीत आहे ना,” मी म्हटलं. “मीच लिहिलंय.”

माझा आवाज मुळातच लहान. हॉलमध्ये तो पोचला की नाही कोण जाणे. हेमांगीने माझ्या हातातली वही घेतली, पानं चाळली. एकदा पुढे, एकदा मागे. मग ह्यांच्या अक्षरातलं एक पान वाचायला लागली. “पहाट पाच. आहे. कुजलेल्या कोबीचा. वारा कंपन्यांकडून. खोकला बारा वेळा.” मग माझं. “पहाट पाच. आहे. कोबी. डोळे चुरचुरले.” तिने मान वर केली. “हे सुरुवातीपासून आहे. आठवड्यातून तीन-चार पहाटा. आणि यंत्रात काहीच नाही, कारण ते यंत्र धूळ मोजतं. हा वायू असणार, तो त्याला कळतच नाही. हे फक्त तुमच्या नाकांना कळलंय.”

“मग हेच न्या सोमवारी,” वैशाली म्हणाली.

“एका घरची वही आहे. एका घरावर कुणी विश्वास ठेवणार नाही. निदान अजून दोन ठिकाणी, रोज पहाटे पाचला, तीन महिने लिहायला हवं. तेवढं झालं तर वायू मोजणारं यंत्र मागता येईल मला.”

पहाटे पाच म्हटल्यावर हॉलमधल्या खुर्च्या करकरायला लागल्या.

वैशाली म्हणाली, “मी लिहीन. माझा नवरा अलार्मला शिव्या घालतो, पण घालू दे. तशाही घालतोच.”

“आणि आनंदकाकांच्या बिल्डिंगचं?”

“मी नाही,” आनंदभाऊ म्हणाले. उर्वीला त्यांनी खांद्यावर घेतलं होतं. “तीन महिने, परत तीन महिने. मॅडम, तुमचा राग नाही. पण हिला वेळ नाहीये. माझ्याकडून नाही होणार आता.”

ते दाराशी पोचले तेव्हा मी मागून गेले. “भाऊ, तुमच्याकडचं मी लिहीन. उर्वीची खिडकी रस्त्याकडे आहे ना? तिच्याखाली येऊन उभी राहीन पाचला. घरचं गॅलरीत लिहिलं की लगेच निघेन. तुम्हाला उठायला नको.”

“थंडीत?”

“हो. आणि तीन महिने घरात धूप नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्यांच्या बाराव्याला, तेराव्याला त्यांनीच धावपळ केली होती. तो धूप माझ्यासाठी काय होता ते त्यांना कळलं असावं. उर्वीचं डोकं खांद्यावर नीट केलं आणि गेले.

त्या संध्याकाळी निरांजन लावलं. धुपाटण्यातली राख तुळशीत घातली, ते चिंचेने घासलं, पुसलं. माळ्यावर ठेवायला स्टूल घेतलं, मग राहू दिलं. ह्यांच्या फोटोपाशीच ठेवलं, रिकामं. सात वाजले. खुर्चीभोवती काही नव्हतं. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, खोल श्वास घेतला, आणि लिहिलं : ‘नाही.’

पहाटे साडेचारला जाग आली. आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं. पाचला पाच कमी असताना गॅलरीचं दार उघडलं. कोबी. लिहिलं. वारा लिहिला. ‘खोकला’ या रकान्यात ह्यांच्या मागे मी रोज शून्य घालते, तसं घातलं.

मग खिळ्यावरचं कार्ड काढलं. गळ्यात घालायचा धीर झाला नाही. वहीत खुणेसाठी ठेवलं. ह्यांचा मफलर गुंडाळला. चपला हातात घेतल्या, कारण जिन्यात आवाज घुमतो आणि शेजारची शांताबाई लगेच विचारते, कोण आहे? दार ओढून घेतलं. पहिल्या पायरीवर थांबले. सवयीने मागे कान दिला, आतून खोकला येतो का. काही आलं नाही.

वही पदराखाली धरली आणि मी उर्वीच्या खिडकीकडे निघाले.