एकेचाळीस जोड्या

दोन हजार सहा साली कापसानं अख्ख्या वऱ्हाडाला रडवलं होतं. अकोल्यात माझी आई, पार्बताबाई, सांभार पिकवून घर चालवत होती. तुमच्याकडे त्याला कोथिंबीर म्हणतात. आणि मी, करिश्मा, अमरावतीत पीएचडीसाठी क्वासार मोजत होते. लाज वाटायची? मुळीच नाही. मोजण्यात माझा हात धरणारं तिथं कोणी नव्हतं.

क्वासार म्हणजे अफाट अंतरावरचे प्रखर ठिपके. माझे मार्गदर्शक ढोरे सर वीस वर्षं एकच धरून बसलेले: जे क्वासार आपल्या आकाशगंगेसारख्या एखाद्या दीर्घिकेला चिकटून दिसतात, ते दूरचे नाहीतच, तिनंच ते बाहेर फेकलेत. अशा एकेचाळीस जोड्या मी शोधल्या. सर खूश. प्रबंधावर त्यांची सही तेवढी बाकी होती.

सुट्टीत घरी गेले, तर आईच्या वाफ्यात कुठं दाट झुबके, कुठं टक्कल.

"आई वं, मुद्दाम एका जागी पेरलं का?"

"मुद्दाम काहून पेरीन? मूठ फेकली का काही दाणे जवळ पडतेतच. तू शिकून राहिली का झोपा काढून राहिली?"

बोलणं झोंबलं. परत आल्यावर मी कॉम्प्युटरला आकाशाच्या नकाशावर हजार वेळा खोटे क्वासार फेकायला लावले. दर खेपेला चाळीसेक जोड्या आपसूक जमल्या. म्हणजे आमच्याही निव्वळ योगायोगाच्या. सही गेली, हे तेव्हाच कळलं. पण आठवडाभर त्या क्वासारांचे वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेला त्यांचा उजेड, तपासून मी सरळ सरांसमोर जाऊन उभी राहिले.

सरांनी सगळं वाचलं. "माहे वीस वर्स मातीत घातले तू."

"नाही सर. क्वासार खरंच मागं, दूर आहे, म्हणून तर त्याचा उजेड दीर्घिकेतून गाळून येते. हा त्यातल्या एकाचा वर्णपट पाहा. ही काळी रेघ दीर्घिकेतल्या वायूची. तो वायू एरवी दिसतच नाही. आता एकेचाळीस जागी मोजता येते!"

सर उठले. कपाटातून त्यांनी स्वतः घेतलेला त्याच क्वासारचा वीस वर्षांपूर्वीचा वर्णपट काढला. तीच रेघ होती. भोवती लाल गोल, आणि सरांच्याच अक्षरात: 'डाग. सोडून देणे.'

मला रडू फुटलं. सरांनी पेन उघडलं, आधी ते शब्द खोडले, आणि मग माझ्या प्रबंधावर सही केली.