एक दिवसाआड

कारखान्याच्या गेटवर बावीस वर्षं मी बॅगा तपासतोय. माझ्या नजरेतून साधा खिळा सुटत नाही. आणि घरात, माझ्याच पोरीच्या कंपासपेटीत, लोहाच्या पंचेचाळीस गोळ्या! तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, आज रिपोर्ट आहे! हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं नाही तर पायाचं ऑपरेशन वर्षभर पुढे जाईल. कळतंय का?"

डॉक्टरांनी रोज एकच गोळी सांगितली होती. पहिल्या महिन्यात रक्त जेमतेम वाढलं, म्हणून दुसऱ्या महिन्यापासून सकाळ-संध्याकाळ दोन देण्याचं शहाणपण माझं.

"पोटात मुरडा येतो बाबा," ती पुटपुटली. "एक दिवसाआड एकच घेतली की नाही येत. बाकीच्या मुठीत लपवायचे."

दवाखान्यापर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. ती वाकडं पाऊल ओढत मागून येत होती. मी मुद्दाम हळू चाललो, पण वळून पाहिलं नाही. माझा राग असाच आहे मेला.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "दहा पॉइंट सहा! वा! गोळ्या कशा दिल्यात?"

आता अब्रू जाणार.

"बाबांनी एक दिवसाआड दिल्या," पोरगी म्हणाली. शांतपणे.

"अरे वा! मीच बदलून देणार होते. एक गोळी पोटात गेली की यकृत निरोप धाडतं, आता पुरे. मग आतडी साधारण दिवसभर दार ओढून घेतात. वरून आणखी दिल्या तर बऱ्याचशा वाया जातात, पोट बिघडतं ते वेगळंच. तुम्ही गेटवर असता ना, तुम्हाला बरोबर समजलं."

काय समजलं होतं, कप्पाळ! ऑपरेशनची तारीख घेऊन आम्ही बाहेर पडलो.

"खोटं का बोललीस गं?"

"रोज ड्युटीवरून आल्यावर बूटसुद्धा न काढता पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यासमोर उभे राहायचात. खरं सांगितलं असतं, तर ते डॉक्टरांना कुठे दिसलं असतं?"

रस्त्यातच तिला जवळ घेतलं. लोक बघत होते, बघू देत.

"चुकलो गं मी," म्हणालो. मग डोळे पुसून विचारलं, "आज गोळी आहे की उद्या?"

"उद्या, बाबा."

"बरं. मग उद्या पाणी आणतो."