फेलिक्सचं बारसं

बाळाचं नाव फेलिक्स ठेवायचं हे उल्हासने ठरवलं तेव्हा त्याने कोणाला विचारलं नाही, आणि ठरवल्यावर कोणाला बोलू दिलं नाही. पुण्याहून सिडनीला स्किल्ड व्हिसावर आलेला हा माणूस ऑफिसात ‘अल’ होऊन बसला होता, कारण ‘उल्हास’ म्हणायला तिथल्या कोणाची जीभ वळत नव्हती. आपल्या मुलाच्या वाट्याला हे नको, असं तो सांगे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. केकवर घालायला नाव देऊन झालं. पेंडल हिलच्या त्या दोन खोल्यांच्या युनिटमध्ये शनिवारी कोण कोण येणार तेही ठरलं. पाळणा तेवढा ब्लॅकटाउनच्या एका मराठी घरातून मागून आणायचा राहिला होता.

त्याच्या धाकट्या बहिणीला, मयूराला, हे सगळं चांगलंच झोंबलं. दोन हजार आठ साल होतं. पुण्यामुंबईची निम्मी पोरं सिडनीला निघाली आहेत असं वाटावं, असे ते दिवस. मयूराही त्याच लाटेत अकाउंटिंगचं मास्टर्स करायला आली होती. अकाउंटिंगची तिला काडीची आवड नव्हती, पण त्यातून पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायचा परवाना, लवकर मिळतो असं एजंट सांगत, आणि एजंटच्या तोंडून आलेलं वाक्य तेव्हा वेदवाक्य असे. ती भावाच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची, भावाच्या घरचं जेवायची, त्यामुळे तोंड उघडताना जरा बेताने उघडायची. पण आत्याचा मान म्हणून काही असतो की नाही? बारशाला पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि ते सांगताना पाठीत बायकांचे धपाटे खायचे तेही आत्यानेच. इथे नाव आधीच केकवर जाऊन बसलेलं. म्हणजे धपाटे तेवढे हिच्या वाट्याला.

सरळ भांडता येत नव्हतं, म्हणून तिने आडून वार करायचं ठरवलं. वीकेंडला आणि बुधवारी-गुरुवारी आफ्टरनूनला ती एका वृद्धाश्रमात शिफ्ट करायची. तिथे मिसेस हार्ग्रीव्ह्ज नावाच्या आजीबाई होत्या, जन्मभर मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवलेल्या. सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नसे, पण दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये कोणी कोणाचा काटा काढला ते काल घडल्यासारखं सांगत. मयूराने त्यांचे केस विंचरता विंचरता फेलिक्सची चौकशी केली. बाई खुलल्या. चहाची गाडी आली आणि त्यांचं लक्ष बिस्किटांकडे गेलं, नाहीतर मयूराची शिफ्ट तिथेच संपली असती. तेवढं ऐकूनच तिचं भागलं होतं. भावाची जिरवायला भरपूर मसाला मिळाला, अशा आनंदात ती घरी आली.

जेवणाच्या टेबलावर उल्हास होता, त्याची बायको विनीता होती, आणि बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या विनीताच्या आई, श्यामलाकाकू, होत्या. आमटी वाढून व्हायच्या आत मयूराने सुरुवात केली.

“दादा, तुझ्या फेलिक्सचा मीनिंग कळला. लकी. भाग्यवान. आणि पहिला फेमस फेलिक्स कोण होता माहितीये? सुल्ला. रोमचा सेनापती. स्वतःच स्वतःला फेलिक्स म्हणवून घेतलं त्याने. चौकात नावांच्या याद्या लावायचा, ज्याचं नाव यादीत त्याला कोणीही मारावं!”

“मग?” उल्हास भात कालवत म्हणाला.

“मग दुसरा. जुडियाचा गव्हर्नर. सेंट पॉलला कोठडीत ठेवून, हा लाच कधी देतो याची वाट बघत बसला. छान आहेत की नाही बाळाचे नामबंधू?”

“आणि तो म्युझिशियन? मेंडेल्सन? तो काय वाईट होता?”

“तो चांगला होता, मान्य. पण बिचारा चाळिशीच्या आत गेला.”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. विनीताचा घास हातातच राहिला होता. या घरात ‘गेला’ हा शब्द बाळाच्या नावाशेजारी ठेवायचा नसतो, हे कोणी सांगायची गरज नव्हती. हे विनीताचं तिसरं बाळंतपण. पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, दुसरं त्याहूनही कमी महिन्यांचं असताना. त्यानंतर घरात त्या विषयावर कोणी बोललं नव्हतं. मयूराला स्वतःची जीभ चावावीशी वाटली. तिने लोणच्याची बरणी उगाच पुढे सरकवली आणि शनिवारच्या स्वयंपाकाचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीताने सांगून टाकलं. “हे नाव नको. उल्हास, मी हे नाव घेणार नाही.”

“अगं, ती सुल्लाबिल्ला मनावर घेऊ नकोस.”

“सुल्ला गेला खड्ड्यात. लकी? दिवसातून दहा वेळा, मोठ्याने, लकी लकी म्हणून हाक मारायची त्याला? ऐकणारे ऐकत असतात.”

श्यामलाकाकूंनी लेकीची बाजू घेतली. “माझ्या आईची दोन गेली, तेव्हा तिसऱ्याचं नाव धोंडू ठेवलं. दगड तो, त्याला कोण नजर लावणार? आमचा धोंडूदादा ऐंशी वर्षं जगला, आणि शेवटपर्यंत दाताने ऊस सोलून खायचा.”

उल्हास भडकला. ब्लॅकटाउनच्या भारतीय दुकानात दाराला लिंबू-मिरची टांगलेली दिसली की तो दुकानदाराला टोमणा मारल्याशिवाय बाहेर पडत नसे. त्याच्याच घरात आता धोंडू निघाला होता. ही सिडनी आहे, इथे नजर लावायला कोणाला वेळ नाही, असं बरंच काही तो बोलला. विनीताने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “मग तुझं तू कर बारसं. मी त्याला खोलीतून बाहेर आणणार नाही.”

ती पोकळ धमकी नव्हती, हे मयूराला आत्ता कळत होतं. हॉस्पिटलमधून आल्यापासून विनीताने त्या पोराला कसलीच हाक मारली नव्हती. सोन्या नाही, पिल्लू नाही, साधं बाळ म्हणूनही नाही. ‘हा झोपलाय’, ‘ह्याला भूक लागली’, एवढंच. मयूराला इतके दिवस वाटायचं, थकली असेल. आता तिला भीती वाटायला लागली, की हिने हाक मारलीच नाही तर? पोर मोठं होईल, शाळेत जाईल, आणि आई त्याला ‘हा’च म्हणत राहील.

ऑफिसला निघताना उल्हास बहिणीला म्हणाला, “तू लावलीस ना आग? आता तूच विझव.”

नशिबाने तो गुरुवार होता. मयूरा मिसेस हार्ग्रीव्ह्जच्या खोलीत शिरली ती थेट विषयावरच आली. फेलिक्स नावाचं अजून कोणी? जरा साधं, कोणाच्या डोळ्यावर न येणारं? बाईंना आधीचं बोलणं आठवत नव्हतं, त्यामुळे सुल्लापासून पुन्हा सगळं ऐकावं लागलं. नंतर काही पोप झाले, काही संत झाले. मयूरा उठायच्या बेतात होती तेव्हा बाई सहज म्हणाल्या, पण खरे फेलिक्स म्हणजे गुलाम. रोममध्ये गुलामांत हे नाव पैशाला पासरी. बाजारातून माणूस विकत आणायचा आणि त्याला भाग्यवान म्हणायचं. भाग्य अर्थातच मालकाचं. तो गव्हर्नरसुद्धा मुळात सुटलेला गुलामच होता, डिअर.

मयूरा ट्रेनने घरी येईपर्यंत दम धरून होती. स्वयंपाकघरात श्यामलाकाकू घुगऱ्यांचे हरभरे निवडत होत्या आणि विनीता बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी होती. मयूराने सगळं सांगितलं. काकूंचे हात थांबले.

“म्हणजे आपला धोंडूच की गं तो! दारोदार असणार त्यांच्याकडे.”

“तेच तर, काकू. रोममध्ये फेलिक्स म्हणून हाक मारली तर देव वळूनही बघणार नाहीत. म्हणतील, असेल कोणीतरी पाणी भरणारा.”

विनीताच्या तोंडावर जरासं हसू आलं. बारीकसंच, पण ते हसू मयूराने महिन्याभरात पाहिलं नव्हतं, आणि तिला एकदम रडू यायला लागलं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“गुलामाचं नाव?” उल्हास आज लवकर आला होता आणि बूटही न काढता उभा होता. “माझ्या मुलाला?”

आता हा उसळणार, असं तिघींनाही वाटलं. ज्याने पोराच्या सीव्हीसाठी नाव निवडलं, त्याच्या हाती गुलाम आला होता. मयूराने संधी साधली.

“मग बदल ना, दादा. अजून दोन दिवस आहेत. केकवाल्याला मी फोन करते.”

“नाही.”

“अरे पण का? मीनिंग नको, गुलाम नको, वहिनीला नाव नको. एवढा हट्ट कशासाठी?”

उल्हासने बूट काढले. खुर्ची ओढून बसला. टेबलावरच्या हरभऱ्यांत बोट फिरवत राहिला.

“मी मीनिंग बघितलाच नव्हता,” तो म्हणाला. “मुद्दाम. आधी दोन्ही वेळा बघितला होता. पुस्तकं धुंडाळून, पत्रिकेची अक्षरं काढून.”

“कसली नावं?” विनीता वळली. “आपण ठेवलीच नव्हती.”

“मी ठेवली होती. मनात. तुला सांगणार होतो, मग सांगायला काही राहिलं नाही.” त्याने एक किडका हरभरा बाजूला केला. “या वेळी म्हटलं, आपल्या सात पिढ्यांत कोणाला ठाऊक नाही असं नाव घ्यायचं. जिथे जिथे आपली माणसं, आपले देव, तिथे ज्याचा काही पत्ताच लागणार नाही असं. कोणी शोधत आलंच, तर हे पोर आपलं आहे हे कळायलाच नको.”

“कोणाला कळायला नको?” मयूराने विचारलं.

लिंबू-मिरचीला हसणारा तो माणूस, त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मयूराला त्याची मनापासून कीव आली, आणि आपण याच्यावर मानपानासाठी रुसलो होतो याची लाजही वाटली.

“काय नावं होती?” विनीताने विचारलं.

“राहू दे आता.”

“उल्हास, काय नावं होती?”

“पहिली अक्षता,” तो म्हणाला. “अखंड. जिला कुठे ओरखडा नाही अशी. मग ओजस. म्हणजे बळ.”

विनीताने दोन्ही नावं एकदा मनाशी म्हटली. नुसते ओठ हलले. मग ती नवऱ्याजवळ आली आणि खांद्यावरचं बाळ त्याच्या हातात दिलं. श्यामलाकाकूंनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा हरभरे निवडायला घेतले, कारण शनिवारी माणसं जेवायला येणारच होती.

शनिवारी युनिट माणसांनी भरून गेलं. अर्धे ऑफिसातले, अर्धे मराठी मंडळातले, शिवाय मयूराच्या युनिव्हर्सिटीतली चार-पाच पोरं, जी घरचं जेवण असेल तिथे नाव न विचारता हजर होत. पाळण्याला फुगे बांधले होते. पाळण्याच्या वरून आणि खालून बाळाची देवघेव झाली, कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या, आणि ऑफिसातले लोक कॅमेरे सरसावून पुढे आले. मयूरा पाळण्यात वाकणार तेवढ्यात विनीताने तिचा दंड धरला.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “त्या दोघांचंही राहिलंय.”

मयूराने मान हलवली. तिने पदर सावरला, खाली वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. पाठीत धपाटे बसायला लागले. अक्षता, ती म्हणाली, कुर्रर्र. ओजस, कुर्रर्र. मग काकूंसाठी धोंडू. मग फेलिक्स. एवढा वेळ लागला, की मागून कोणीतरी ओरडलं, “काय गं, श्लोक म्हणतेस का नाव सांगतेस?” आणि धपाटे आणखी जोरात पडले. त्यात एक हात बायकी नव्हता. जड होता, आणि तो मारत नव्हता, नुसता पाठीवर टेकला होता.

मयूरा उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते. लोकांना वाटलं धपाट्यांनी. बाळ फुग्याकडे बघत पाय झाडत होतं. विनीता पाळण्यावर वाकली, सगळ्यांच्या देखत, आणि तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली, “फेलिक्स.”